दोघांपुरती बोट

इंदूमॅडमनी तपासलेली गणिताची वही लांबूनही ओळखू यायची. पानं लाल करायची त्यांना सवय नव्हती. बरोबर असेल तिथे बारीकशी खूण, चूक असेल तिथे फुली, आणि कधीमधी समासात चारच शब्द: ‘उत्तर बरोबर. लांब आहे.’ पोरी रडकुंडीला यायच्या. “मॅडम, उत्तर तर आलंय की!” मग मॅडम फळ्यावर तेच गणित तीन ओळींत सोडवायच्या आणि वहीतल्या उरलेल्या ओळींवर बोट ठेवून विचारायच्या, “ह्या कशाला वाहत आणल्यास गं?”

मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो. तीन ओळींची गोष्ट पंधरा ओळींत लिहायला लावणं हाच आमच्या विषयाचा धंदा, तेव्हा आमचं खरं तर जमायला नको होतं. पण शिक्षकखोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि कोल्हापुरात कसबा बावड्यात आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. माझी स्कूटर वर्षातले सहा महिने गॅरेजात असायची. तेवढे दिवस मी मॅडमच्या मागे बसून शाळेत जात असे आणि अख्खा बावडा ते बघत असे. मॅडमना त्याचं काही नव्हतं. वाटेत त्या एक शब्द बोलायच्या नाहीत, कारण हेल्मेटमधून बोललेलं निम्मं वाया जातं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे यजमान संभाजीराव, सगळ्यांचे बापू, हे त्यांच्या अगदी उलट टोक. उद्यमनगरात त्यांची फाउंड्री होती. पंपांचे, ट्रॅक्टरचे भाग ओतायचे. बापूंच्या लेखी जगात वस्तू दोनच प्रकारच्या: जड म्हणजे चांगली आणि हलकी म्हणजे फसवणूक. दुकानात गेले की आधी वस्तू हातात तोलायचे. “हात खाली आला पायजे,” म्हणायचे, “तवा पैसं द्यायचं.” माणसांच्या बाबतीतही त्यांचा हिशेब तोच. घर भरलेलं पाहिजे. फाउंड्रीत मालाची चौकशी करायला आलेला परगावचा माणूस, त्याचा ड्रायव्हर, वाटेत भेटलेला जुना वर्गमित्र, दवाखान्याच्या कामाला आलेली आजऱ्याची आत्या आणि तिच्या सोबतीला आलेली शेजारीण, सगळे बापूंच्या पंगतीला. मॅडम सकाळी शाळा करून यायच्या आणि वाढायला उभ्या राहायच्या. रविवारी त्यांचं जेवण तीनला व्हायचं, आणि तेही आत्याबरोबर, स्वयंपाकघरात.

पन्नाशी ओलांडल्यावर मॅडम दर मे महिन्यात आठ-दहा दिवस गोव्याला जाऊ लागल्या. आम्हाला वाटायचं, भाचीकडे जात असतील. जूनमध्ये शाळा उघडली की त्यांच्या तळहातांना घट्टे दिसायचे. खडूने घट्टे पडत नाहीत एवढं मराठीच्या मास्तरालाही कळतं. पाच-सहा वर्षांनी एकदा त्यांनी पर्समधून एक प्रमाणपत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. शिडाची बोट समुद्रात चालवण्याची परीक्षा त्या पास झाल्या होत्या. “कुणाला सांगू नका,” म्हणाल्या. मी सांगितलं, अर्थातच, पण कुणाचा विश्वास बसला नाही.

निवृत्तीच्या समारंभात शाळेने रीतसर शाल, श्रीफळ आणि हाताला जड लागणारी पितळी समई दिली. मॅडमनी नारळ तेवढा ठेवून घेतला, तो तिथेच फोडला आणि खोबरं मुलींना वाटून टाकलं. शाल शिपाईबाईंना दिली, समई शाळेच्या देवघरात ठेवली आणि रिकाम्या हाताने स्कूटरला किक मारली. मी मागे बसलेला. त्या दिवशी पहिल्यांदा त्या वाटेत स्कूटर थांबवून, हेल्मेट काढून माझ्याशी बोलल्या.

“सर, मी बोट घेणार आहे. बापूंनी फाउंड्री विकली, माझा निम्मा वाटा मी मागून घेतला.”

“बोट? ती कशाला?”

“लग्नाला छत्तीस वर्षं झाली. आम्ही दोघंच असे एकदाही जेवायला बसलो नाही. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो, तर तिथं ह्यांना पेठ वडगावचे तिघं भेटले. तीन दिवस आम्ही पाच जण.” त्यांनी हेल्मेट हँडलला अडकवलं. “मला बापूंबरोबर अशा ठिकाणी जायचंय, जिथं वाटेत कुणी भेटत नाही. जमिनीवर ते शक्य नाही. मी हिशेब करून बघितला.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत, आणि मग मलाही हसायचं थांबावं लागलं.

इतरांना मात्र त्यांनी खरं कारण सांगितलं नाही. बावड्यात बातमी फुटल्यावर लोक हटकून विचारायचे. “मॅडम, बोट म्हणं? रंकाळ्याच्या तळ्यात सोडतायसा व्हय?” एकाला त्या सांगायच्या, डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितलीय. दुसऱ्याला, मासे स्वस्त पडतात. तिसऱ्याला नुसतंच ‘व्हय, रंकाळ्यात’. लोकांचं समाधान झालं की त्या पुढे जायच्या.

कुठली बोट घ्यायची, याचाही त्यांनी हिशेब मांडला होता. आधी एकदा गोव्यात एका ओळखीच्या शिडाच्या बोटीवर बापूंना नेलं होतं. साधी, एका अंगाची बोट वाऱ्याने एका बाजूला कलते आणि तशीच चालते. बापू तीन तास डेकवर आडवे होते. उठल्यावर म्हणाले, “तिरक्या घरात मी ऱ्हाणार न्हाई.” म्हणून मॅडमनी कॅटामरान ठरवली. दोन अरुंद होड्या समांतर, त्यांच्यावर बसवलेलं घर. ती कलत नाही, टेबलावरचा कप जागचा हलत नाही. पण कॅटामरानमध्येही दोन जाती. एक ऐसपैस, बंगल्यासारखी. दुसरी हलकी आणि वेगाची.

“वेग कशाला पाहिजे?” मी विचारलं. “तुम्हाला काय शर्यत लावायचीय?”

“बापू माणसांशिवाय दोन दिवस राहू शकतात. तिसऱ्या दिवशी त्यांना कसंतरी व्हायला लागतं. जायचंय लक्षद्वीपला. तिथवर जड बोट चार दिवस घेईल, हलकी दोन. सरळ आहे.”

बोट बघायला गोव्याला जायचं ठरलं, तेव्हा बापूंनी अकरा जणांची टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. त्यात मीही होतो. पहिली बोट बंगल्याच्या जातीची निघाली. चार खोल्या, चार न्हाणीघरं, कपडे धुवायचं यंत्र. आमचे लोक आत शिरले ते बाहेर यायला तयार होईनात. आत्याने एक पलंग दाबून बघितला आणि तिथेच पिशवी ठेवली. बापू दारात उभे राहून खोल्या वाटत होते. “ही आत्याची. ही मास्तरांची. ही कोण बी आलं तर.”

मॅडम कुठे दिसेनात. शोधता शोधता मी रेलिंगवरून खाली वाकलो तर त्या एका छोट्या वल्ह्याच्या होडीत बसून बोटीच्या पोटाखाली, दोन अंगांच्या मधल्या बोळात शिरल्या होत्या. हातात लाकडी फूटपट्टी. वरच्या घराचा तळ आणि पाणी यांच्यात किती जागा आहे ते मोजत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारले. “रिकामी असताना वजन किती, आणि किती सामान भरलं की हा तळ लाटांवर आपटायला लागतो?” त्याने गॉगल कपाळावर चढवला आणि सोफ्याच्या कापडाबद्दल सांगू लागला. मॅडमनी त्याला नमस्कार केला आणि निघाल्या.

त्यांनी पसंत केली ती तिसरी. अडतीस फुटी, अंगाने सडपातळ, पोटातून हवी तेव्हा खाली सोडता येणारी दोन लांब पाती, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाकडे जाताना ती बाजूला घसरत नाही. झोपायची खोली खरी एकच. बापूंनी भिंतीवर टकटक केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “मॅडम, आतनं पोकळ हाय! गंडवाय लागल्यात तुमास्नी!”

“पोकळ आहे म्हणूनच घेतेय.”

“आणि पावणं आलं तर?”

“पाण्यात पावणं येत नाहीत, बापू.”

परतीच्या वाटेवर घाट चढेपर्यंत बापू गप्प होते. बापू तासभर गप्प बसले हे मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

मग सुरू झालं ते सामान. बावड्यातल्या हॉलमध्ये मॅडमनी फाउंड्रीतला लटकता काटा पंख्याच्या हुकाला टांगला. बोटीवर जाणारी प्रत्येक वस्तू आधी त्या काट्याला लागायची आणि मग वहीत तीन रकाने भरायचे: वस्तू, वजन, कशाला. तिसरा रकाना रिकामा राहिला की वस्तू परत. गॅसची शेगडी एकच. ताटं दोन. पाण्याची मोठी टाकी नको, त्याऐवजी खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं, सूर्याच्या विजेवर चालणारं लहानसं यंत्र. बॅटऱ्या नव्या हलक्या जातीच्या. दोर तर इतका बारीक, की बापूंनी तो दोन बोटांत धरला आणि विचारलं, “ह्यो बांधायला हाय का सुईत ओवायला?” मॅडमनी एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं बापूंच्या हातात दिलं. बापूंनी ओढलं. गज वाकला, दोराला काही झालं नाही. बापूंनी तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला, पण मत बदललं नाही.

त्यानंतर ते आठ दिवस सकाळी घराबाहेर पडायचे आणि संध्याकाळी काळे हात घेऊन यायचे. नवव्या दिवशी टेम्पोतून चार माणसांनी एक नांगर उतरवला. बापूंनी विकलेल्या फाउंड्रीत जाऊन, नव्या मालकाची परवानगी घेऊन, जुना साचेवाला गाठून स्वतः ओतून घेतलेला पोलादी नांगर. घासून, काळा रंग देऊन, दांड्यावर उठावाच्या अक्षरांत ‘इंदुमती’. बापू घामाघूम होऊन बाजूला उभे होते आणि मॅडमच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटतं, छत्तीस वर्षांत त्यांनी बायकोसाठी हाताने केलेली ही पहिलीच वस्तू असावी.

मॅडमनी त्या अक्षरांवरून बोटं फिरवली. बराच वेळ. मग म्हणाल्या, “काट्याला लावा.” त्रेसष्ट किलो भरला. त्यांनी घेतलेला नांगर हलक्या धातूचा होता, सोळा किलोचा, आणि वाळूत जास्त घट्ट रुतणारा.

“सुंदर झालाय,” मॅडम म्हणाल्या. “येणार नाही.”

मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करतो. रात्री बायकोला म्हणालोही, या बाईच्या छातीत काळीज आहे की तराजू? आज लिहिताना कळतं, की त्या दिवशी होकार देणं सोपं होतं आणि मॅडम सोप्या वाटेला गेल्या नाहीत.

बोट गोव्याच्या जेट्टीला लागली होती. फेब्रुवारीत पूजा झाली. कोल्हापूरहून तीन गाड्या भरून माणसं आली. नारळ मॅडमनी जेट्टीवरच फोडायला लावला आणि कागदपत्रांसाठी बंदराच्या कचेरीत गेल्या. तिथे दोन तास मोडले. आणि त्या दोन तासांत आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं ते कोल्हापूरची माणसंच करू शकतात. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला रिकामं कसं पाठवायचं? मॅडम घेणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून आम्ही लपवलं. बोटीच्या दोन्ही अंगांच्या पुढच्या टोकांना झाकणाचे खोल कप्पे होते. त्यांत आत्याने आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची दोन पोती ठेवली. गुळाच्या ढेपा गेल्या, कांदा-लसूण चटणीचे डबे गेले, तेलाचे डबे गेले. बापूंच्या बहिणीने पाटा-वरवंटा ठेवला, कारण मिक्सरच्या चटणीला चव नसते. मी दिवाळी अंकांचा जाडजूड गठ्ठा ठेवला. सगळ्यात शेवटी चार जणांनी तो नांगर उचलून आणला. बापूंनी झाकण लावलं, वर दोर पसरला आणि ओठांवर बोट ठेवलं.

मॅडम आल्या तेव्हा भरती उतरायला लागली होती. घाईत निघालो. चाचणीची फेरी, वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन परत यायचं. बोटीवर मॅडम, बापू आणि मी. मला का घेतलं, तर पुढच्या प्रवासातल्या सामानाएवढं वजन धरून बघायचं म्हणून.

दुपारपर्यंत ठीक होतं. दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे वारा सुटला, आमच्या किनाऱ्यावर रोज सुटतो तसाच, फक्त जास्त. मॅडमना वाऱ्याच्या तोंडाकडे जायचं होतं, म्हणजे किनाऱ्यापासून दूर. पण बोट ऐकेना. प्रत्येक लाटेत तिची टोकं खाली जायची आणि पाणी डेकवरून धावत यायचं. तळ लाटांवर असा आपटायचा की दात वाजायचे. आणि ती पुढे जाण्यापेक्षा बाजूला जास्त जात होती. बाजूला होतं खडकांचं एक टोक. मॅडमनी इंजिनं चालू केली, तर एकाच्या पंख्यात कुठल्याशा जाळ्याचा दोर गुंतून ते बंद पडलं. दुसऱ्याच्या जोरावर बोट जागच्या जागी धापा टाकत राहिली.

मॅडम सुकाणू धरून पुढच्या टोकांकडे एकटक बघत होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “नाक खाली आहे. पुढं काय ठेवलंय?”

बापूंनी माझ्याकडे बघितलं, मी बापूंकडे.

“ओरडणार नाही मी. काय ठेवलंय ते सांगा.”

मी यादी सांगितली. वर्गात गृहपाठ न केलेल्या पोरासारखं मला वाटत होतं. मॅडमनी एकदा खडकांकडे बघितलं. “पट्टे अडकवा कमरेला. जा पुढं. सगळं टाका.”

आम्ही गुडघ्यांवर रांगत गेलो. पहिला माझा गठ्ठा गेला. मग गुळाच्या ढेपा, मग पोती. पोतं फुटलं आणि तो बारीक, वासाचा तांदूळ पाण्यावर पांढरा पसरला. बापू रडत होते. घरातून माणूस न जेवता गेला तर ज्यांना झोप यायची नाही, त्यांना हाताने अन्न समुद्रात टाकावं लागत होतं. पाटा गेला. तेलाचे डबे तेवढे, समुद्रात तेल नको म्हणून, मागे ओढले. खडक आता इतके जवळ होते की त्यांच्यावरची कालवं दिसत होती. कप्प्यात नांगर उरला.

आणि बापूंचा चेहरा एकदम उजळला. वळून त्यांनी हाक मारली, “मॅडम! नांगर हाय की! माझा! त्रेसष्ट किलोचा हाय, धरंल! दोर बांधून सोडतो!”

“खाली सपाट खडक आहे, बापू. कुठलाच नांगर धरणार नाही.” मॅडमचा आवाज तेव्हा कापला, एकदाच. “टाका. दोर बांधू नका.”

बापू त्या नांगराला मिठी मारून बसले होते. दोन लाटा त्यांच्यावरून गेल्या. मग त्यांनी मला खूण केली, आम्ही दोघांनी तो काठावर ओढला, आणि शेवटचा धक्का त्यांनी एकट्याने दिला.

बोटीची टोकं वर आली. मी अतिशयोक्ती करणारा माणूस आहे, पण हे तसं नाही. ती अंग झाडून उठली आणि वाऱ्याकडे तोंड करून चालायला लागली. खडकाचं टोक हळूहळू मागे गेलं.

जेट्टीवर परतलो तेव्हा थांबलेली मंडळी विचारू लागली. मॅडम म्हणाल्या, “बोट किती बुडावी ते दाखवणारी तिच्या अंगावरची रेघ निघताना बघायला पाहिजे होती. मी बघितली नाही. चूक माझी.” एवढं बोलून त्या पंख्यातला दोर कापायला खाली उतरल्या.

पुढे कित्येक महिने बापूंनी बोटीवर पाय ठेवला नाही. मला म्हणाले, “मी यायचो न्हाई, मास्तर. तिला हलकं पायजे. आनि माझ्याएवढा जड माल त्या बोटीवर दुसरा न्हाई. चार मानसं भवती नसली की मी कोन, ते मला बी ठावं न्हाई.”

मॅडमनी विनवणी केली नाही, भांडल्या नाहीत. आठवड्यातून तीन दिवस गोव्याला जाऊन त्या बोट सज्ज करत राहिल्या. जीवरक्षक जाकिटं दोन, पट्टे दोन, पावसाळी कोट दोन, त्यातला एक बापूंच्या मापाचा. मला राहवेना.

“आणि बापू नाहीच आले तर?”

“येतील.”

“नाही आले तर एकट्या जाल?”

“एकटीला जायचं असतं तर आणखी लहान बोट घेतली असती, सर.”

इकडे बापूंची बैठक पूर्वीसारखी भरत होती आणि खडकांची गोष्ट रोज होत होती. दर खेपेला नांगराचं वजन वाढायचं. पावसाळ्यापर्यंत तो सव्वाशे किलोवर गेला होता. दिवाळीच्या सुमाराला एकदा गोष्ट रंगात आलेली असताना एका पाहुण्याने विचारलं, “पन त्यो नांगर हुता कुनाचा?” बापू थांबले. सगळ्यांकडे बघितलं. लपवणारे आम्ही आपापल्या सामानापायी गप्प होतो; बाकी कुणालाच माहीत नव्हतं. मला त्यांनी हाताला धरून घरामागच्या परड्यात नेलं.

“मास्तर, तुमी सांगितलं न्हाई कुनाला?”

“नाही.”

“मंजी ती बी बोलली न्हाई.”

“नाही बोलल्या. चूक माझी, एवढंच म्हणतात अजून.”

बापू बराच वेळ कडीपत्त्याच्या झाडाची पानं तोडत उभे राहिले. “घरात रोज ईस मानसं,” ते म्हणाले, “आनि माझं झाकून ठेवनारं मानूस ह्यात एकच.” मग आत गेले आणि गोष्ट अर्धवट सोडून त्यांनी पंगत बसवली. स्वतः मात्र जेवायला बसले नाहीत.

डिसेंबरात मॅडमचा निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर आला. निघण्याची तारीख, वेळ आणि खाली एक ओळ: ‘यावं. रिकाम्या हाताने यावं.’

आम्ही गेलो. चाळीसेक माणसं जेट्टीवर उभी होती आणि एकाच्याही हातात काही नव्हतं. तो देखावा मी विसरणार नाही. कोल्हापूरच्या माणसाला रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळत नाही. पुरुषांनी ते खिशात घातले, मागे बांधले, पुन्हा काढले. बायका पदराची टोकं पिळत होत्या. आत्या राहून राहून खाली वाकायची, पिशवी पायाशी आहे असं समजून, आणि पुन्हा सरळ व्हायची.

बापूंना विचारायची कुणाची हिंमत झाली नव्हती. ते आमच्याबरोबरच गाडीतून आले होते. पांढरा सदरा, पायांत काही नाही. ते एकेकाला भेटत होते, पाठ थोपटत होते, पोरांची चौकशी करत होते. मॅडम खाली बोटीवर उभ्या. एक दोर सोडलेला, दुसरा हातात. भरती उतरायला लागली होती. त्यांनी हाक मारली नाही, घड्याळ बघितलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मला पहिल्यांदाच त्यांची भीती दिसली. दोर धरलेली मूठ पांढरी पडली होती.

चाळिसावा माणूस भेटून झाला. बापू काठावर आले आणि बोटीच्या अंगावरच्या रेघेकडे बघत म्हणाले, “मॅडम, रेघ बुडंल की माझ्यानं.”

“तुम्हाला धरून आखलीय,” मॅडम म्हणाल्या.

बापू उतरले. बोट त्यांच्या वजनाने खाली गेली आणि रेघेपाशी थांबली. मॅडमनी दोर सोडला.

वीस-पंचवीस हात पाणी मध्ये आलं. इकडे आम्ही चाळीस जण उन्हात तसेच उभे, जेवणाची वेळ टळत चाललेली. बापूंना ते दिसलं. दोन्ही हात तोंडाशी धरून ते खच्चून ओरडले, “आरं उबं का? या की जेवायला!”

सगळी जेट्टी हसली. आत्या हसता हसता डोळे पुसायला लागली. मॅडमही हसल्या असणार. त्या पाठमोऱ्या होत्या, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले. मग त्यांनी शीड वर चढवलं आणि इंजिन बंद केलं. बापू अजून हाताने बोलावत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्याकडे जेवायला कुणाला जाता आलं नाही.